जिभेवरची माती

तांझूरचा नाआ सांझिरी अनवाणी, बोडक्या डोक्यानं दाकुराच्या अंगणात आला, तेव्हा दाकुराची बायको आयुओ ज्वारीची दारू गाळत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. नाआ म्हणजे सरकारमान्य गावप्रमुख. त्याच्या डोक्यावर लाल टोपी कायम असायची. तो टोपी घालूनच झोपतो, अशी चेष्टा गावात चालायची. टोपीवाचून तो फारच लहान आणि म्हातारा दिसत होता.

त्याचा मुलगा पोलिकार्प मातीखाली सापडून मेला होता. टेकडीमागं सोन्याच्या कंपनीनं मातीचे नमुने काढायला खोल चर खणले होते आणि पावसाळ्यापुरते ते तसेच उघडे टाकून कंपनीची माणसं निघून गेली होती. एक कारकून तेवढा राखणीला ठेवला होता. गावची पोरं त्या चरांत उतरून माती चाळायची. एखादा कण मिळाला तर मिळाला. आदल्या संध्याकाळी चराची भिंत खचली. बरोबरच्या पोरांनी पोलिकार्पला छातीपर्यंत मोकळं केलं, तोवर तो गेलेला होता. ते कळताच त्यांनी फावडी टाकली आणि पळ काढला. त्यांना भित्रे म्हणायचं कारण नाही. भुईनं ज्याला मारलं त्याला हात लावायचा अधिकार आमच्याकडे फक्त भुईच्या पुजाऱ्याला असतो. त्यानं आधी भुईची क्षमा मागायची, मयताला वर काढायचं, तो कोणत्या घरचा आहे ते चारचौघांत भुईला सांगायचं आणि थडग्याची पहिली कुदळ मारायची. तोवर आईनंसुद्धा रडायचं नाही.

तांझूरच्या भुईचा पुजारी दाकुरा होता, आणि सांझिरीशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

कारण टेकडी. टेकडीवर भुईचं ठाणं, उतारावर शेतं, पायथ्याशी पूर्वजांची थडगी. ही सगळी जागा कंपनीला देण्याच्या कागदावर सांझिरीनं सही केली होती. गावानं 'वा' नावाच्या शहरात जाऊन वकील गाठला आणि दावा लावला. वकील हुशार होता. त्यानं गावच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, आणि तांझूरला पहिला नाआ कसा मिळाला ते ऐकून तो खुर्चीतच सरसावून बसला.

मुळात तांझूरला नाआ कधी नव्हताच. घरोघरी वडीलधारे होते, तंटे ते मिटवत. भुईचं काय ते पुजारी बघे, आणि त्याचीही सत्ता भुईपुरतीच. शेजाऱ्याची कोंबडी कुठं फिरावी हेसुद्धा त्यानं कुणाला सांगितलं नसतं. मग इंग्रज कप्तान शिपाई घेऊन आला आणि दुभाष्याकरवी विचारू लागला, तुमचा राजा कोण? राजा नसलेलं गाव त्या लोकांच्या डोक्यात शिरतच नसे. आमच्या माणसांनी त्याआधी घोड्यांवरून येऊन माणसं बांधून नेणाऱ्या टोळ्या पाहिलेल्या. त्यांना वाटलं, जो पुढं होईल त्याला हा नेणार. तेव्हाचे पुजारी म्हणजे दाकुराचे आजोबा. ते ज्वारीत लपले आणि घरातल्या बोर्फोला त्यांनी पुढं ढकललं. बोर्फोला दुष्काळात कवड्या देऊन विकत घेतलेलं होतं, अगदी लहानपणी. तो गेला तर कुणाचं काय जातंय, असा साधा विचार.

कप्तानानं त्याला नेलं नाही. त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढवली, हातात काठी दिली आणि हाच तुमचा राजा म्हणून सांगितलं. गाव पोट धरधरून हसलं. पण पुढचं पीक निघायच्या आत सगळ्यांचं हसू मावळलं. बोर्फोनं बोट दाखवायचं आणि शिपायांनी माणूस उचलायचा. रस्ता फोडायला, कर फेडायला, दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणीत उतरायला. ज्या घरानं त्याला ढकललं त्याच घरातली तरणी पोरं त्यानं आधी पाठवली. जी परत आली ती खोकत आली. काही जण नदीपलीकडं पळाले, तर तिकडं फ्रेंच टपलेलेच होते. त्यांनाही रस्ते हवे होते. पुढं इंग्रज गेले, झेंडा बदलला. टोपी बोर्फोच्या मुलाकडं आली, मग नातवाकडं. नातू म्हणजे हा सांझिरी.

वकिलाचं म्हणणं असं, की बोर्फो परका, म्हणून त्याचा वंश परका. परक्याला आमच्यात जमीन कसायला मिळते, देऊन टाकायला मिळत नाही. तेव्हा सांझिरीची सही रद्द. मात्र हे कोर्टात भुईच्या पुजाऱ्यानं स्वतः सांगायला हवं होतं, कारण तो खोटं बोलत नाही, अशी सगळ्या मुलखात ख्याती होती. पाऊस सरला की दाकुराची साक्ष व्हायची होती.

आणि आता सांझिरी अंगणात उभा होता.

"काढशील ना त्याला?" त्यानं विचारलं.

"काढीन. माझं कामच आहे ते," दाकुरा म्हणाला. "तुझं तोंड बघून काढत नाही."

"आणि ठेवशील कुठं?"

दाकुरा कुदळ घेण्यासाठी घराच्या मागच्या बाजूला गेला, सांझिरीही त्याच्या मागोमाग गेला. खरा प्रश्न तोच होता. भुईनं मारलेला माणूस घरचा असेल तर त्याला शुद्ध करून पूर्वजांशेजारी ठेवतात. परका असेल तर ओढ्यापलीकडं, काट्याकुट्यांत. तिथं गेलेल्याचं पुढं कुणी नाव घेत नाही, त्याच्यासाठी वाद्यं वाजत नाहीत, आणि तो पूर्वज होत नाही. मेल्यावरही तो कुणाचाच नसतो.

"माझा आजोबा मरायला टेकला होता तेव्हा सारखी जीभ बाहेर काढून दाखवायचा," सांझिरी हळू आवाजात बोलू लागला. "म्हणायचा, हिच्यावर माती आहे. आम्हाला वाटायचं, म्हातारा भ्रमलाय. मी मोठा झाल्यावर मला कळलं त्याला काय म्हणायचं होतं. दाकुरा, तुमच्या घरात हे ठाऊक असणार. पुजाऱ्याला पुजारी सांगून जातो."

दाकुराला ठाऊक होतं. ठाण्याची जबाबदारी सोपवताना बापानं ते त्याच्या कानात सांगितलं होतं आणि सांगून झाल्यावर बाप थुंकला होता. बोर्फोला विकत आणल्यावर पणजोबांनी त्याला टेकडीवर नेलं, ठाण्याची चिमूटभर माती त्याच्या जिभेवर ठेवली आणि भुईला सांगितलं, आजपासून हा माझ्या पोटचा. एकदा माती चाखवली की पोर घरचं झालं. त्यानंतर तो कुठून आला हे बोलणंही पाप. म्हणजे आजोबांनी कप्तानापुढं ढकलला तो त्यांचा भाऊ होता. गावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. विकत आणलेला पोर एवढंच गावाला माहीत. आजोबांनी ते तसंच राहू दिलं, बापानंही राहू दिलं.

"जिभेवर माती होती ना?" दाकुराचा आवाज चढला. "मग टेकडी देताना ती कुठं गेली होती?"

"मला विचारलं होतं कुणी? अरे, तयार कागद आणून पुढ्यात ठेवला. मी नाही म्हटलं असतं तर ही टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली असती आणि त्याची सही घेतली असती. आमच्या घरानं शंभर वर्षं दुसरं केलंय काय? वरून आलं की खाली ढकलायचं." सांझिरी जवळ आला. "मला शिव्या घाल, माझ्या अंगणात पाऊल ठेवू नकोस. पण पोराला काट्यांत टाकू नकोस, दाकुरा. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबाला पुढं ढकललं तेव्हा समोर बंदुका तरी होत्या."

दाकुरानं पांढरी कोंबडी काखेत घेतली, कुदळ खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला.

वाटेत त्याचा मुलगा वूरो येऊन मिळाला. वूरो तालुक्याच्या शाळेत शिकवायचा आणि दाव्याची सगळी धावपळ त्यानंच केली होती. तो बापाच्या बरोबरीनं चालत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, की कंपनीचा कारकून चराजवळ येऊन उभा आहे. तुम्ही मयताला कोणत्या घरचा म्हणता ते ऐकायलाच आलाय. घरचा म्हणालात तर तेच कोर्टात आपल्या तोंडावर फेकतील. सांझिरी घरचा ठरला की त्याची सही घरच्याची ठरेल.

"आणि तेच खरं असलं तर?" दाकुरानं विचारलं.

वूरो हसला. "बाबा, ते लोक परके आहेत हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्हाला या वेळी काय सुचतंय?"

दाकुराला मुलाला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर वूरोलाही खरं बोलणं आणि टेकडी यांतलं एक निवडावं लागलं असतं, आणि वूरो काय निवडेल याची बापाला भीती वाटली. खरं तर स्वतःचीच जास्त वाटली.

चराभोवती सगळं गाव गोळा झालं होतं. बायका तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या. दाकुरानं कोंबडी कापली, रक्त मातीवर शिंपडलं, क्षमा मागितली आणि तो खाली उतरला. म्हातारपणी असलं काम म्हणजे हाल. हातानं माती उकरत त्यानं पोलिकार्पला कमरेपर्यंत मोकळं केलं, मग पायापर्यंत. पोरगा चांगला होता. घरांचं बोलणं बंद होतं तरी वाटेत भेटला की खाली वाकून नमस्कार करायचा, आणि एकदा दाकुराची बंद पडलेली सायकल ढकलत त्यानं बाजारापासून घरापर्यंत आणून दिली होती. कुणी बघितलं तर काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती.

मयताला वर घ्यायच्या आधी चेहरा साफ करायचा असतो. दाकुरानं त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं. तोंड उघडं होतं आणि ते मातीनं गच्च भरलं होतं. दाकुरानं त्यात बोट घातलं आणि ती माती काढू लागला. ओली, लाल, टेकडीची माती. काढता काढता त्याचं बोट जिभेला लागलं आणि तो तसाच थांबला. वरून वूरोनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं तो भानावर आला.

मयत वर आलं. आयुओनं पाणी दिलं, अंग धुतलं गेलं. मग दाकुरा कुदळ घेऊन मध्ये उभा राहिला. सांझिरी समोर होता. बाप असा उभा असतो तेव्हा त्यानं जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून आमच्याकडे त्याच्या मनगटाला दोरी बांधतात आणि तिचं टोक जवळचा माणूस धरतो. सांझिरीच्या मनगटाला दोरी नव्हती. मयत कोणत्या घरचं ते ठरल्याशिवाय दोरी कोण धरणार? कारकून थोडा बाजूला, छत्रीखाली उभा होता.

दाकुरानं टेकडीकडं पाहिलं. उतारावर भुईमूग फुलला होता. तिथं त्याची आई होती, बाप होता, लहानपणीच गेलेली दोन मुलं होती. हे सगळं यंत्रांखाली जाणार, आणि त्याच्या एका शब्दानं ते अडणार. एवढं मोठं ओझं एका म्हाताऱ्याच्या जिभेवर ठेवायला नको होतं, असं आम्हाला आज वाटतं. त्या दिवशी मात्र आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं आशेनं बघत होतो.

"भुई," दाकुरा म्हणाला, "तू घेतलंस ते पोर परक्याचं आहे."

गावानं सुस्कारा सोडला. सांझिरीनं फक्त मान खाली घातली, आणि पोलिकार्पला ओढ्यापलीकडं नेलं तेव्हा तो सगळ्यांच्या मागून एकटाच चालत गेला.

पाऊस सरल्यावर दाकुरानं कोर्टातही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा जड गेलं नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. सही रद्द, सांझिरीचं घराणं परकं, भुई पुजाऱ्याच्या घराची. आम्ही ढोल वाजवत गावात आलो, बैल कापला, आयुओची दारू पहिल्याच दुपारी संपली. जिल्ह्याच्या कचेरीनं सांझिरीची टोपी काढून घेतली. तो घराला कुलूप लावून नदीपलीकडं निघून गेला. तिकडं त्याचं कोण होतं कुणास ठाऊक.

दाकुरा रोज सकाळी ठाण्यावर जात राहिला. पण तिथं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी ओतायचा, थोडा वेळ बसायचा आणि परत यायचा. आयुओच्या हे आधी लक्षात आलं. "भुईशी भांडलात का?" तिनं एकदा विचारलं. तो म्हणाला, घसा बसलाय. मग कुणाच्या पेरणीला, कुणाच्या नव्या घराला पहिली कुदळ मारायला त्याला बोलावलं, की तो गुडघ्यांचं कारण सांगू लागला. लोक समजायचे, वय झालंय.

पुढल्या उन्हाळ्यात राजधानीचा एक साहेब आला, बरोबर कंपनीची माणसं. साहेब दक्षिणेकडचा, फार मृदू बोलणारा. त्याला आमची भाषा येत नव्हती, म्हणून वूरो दुभाष्या झाला. साहेबानं दाकुराला खुर्ची दिली, हात हातात घेतला आणि निकालाबद्दल अभिनंदन केलं. मग त्यानं समजावून सांगितलं, की कोर्टानं भुईच्या वरच्या पाठीचा मालक ठरवलाय. भुईच्या पोटात जे आहे ते सरकारचं, इंग्रजांच्या काळापासून आहे तसंच, आणि ते सरकारनं कंपनीला केव्हाच दिलंय. कालपर्यंत आम्ही सांझिरीशी बोलत होतो, आता तुमच्याशी बोलू. सही तुमची लागेल.

दाकुरा म्हणाला, मी सही करणार नाही.

साहेबाला राग आला नाही. नका करू, तो म्हणाला. मग कचेरी करेल. सही केलीत तर निदान कुठली थडगी जपून हलवायची ते तुम्हाला सांगता येईल. दाकुरानं मुलाकडं पाहिलं. वूरोनं हे सगळं भाषांतर करून सांगितलं होतं, एकही शब्द न गाळता. टेकडी आपली झाली म्हणून त्यानंच सगळ्यात मोठ्यानं ढोल वाजवला होता.

मग सगळे जागा बघायला निघाले. सोन्याची पहिली शीर टेकडीखाली नव्हतीच, ती ओढ्यापलीकडं लागली होती. काटेरी झुडपांत एक ठेंगणा ढिगारा होता, त्यावर गवत उगवलेलं. मागं पिवळं यंत्र उभं होतं आणि चालकानं ते चालू करून ठेवलं होतं. साहेबानं ढिगाऱ्याकडं बोट दाखवून विचारलं, ही कबर कुणाची? पुजाऱ्याच्या घरची असेल तर विधी करून उचलू, परक्याची असेल तर थांबायचं कारण नाही.

"आमची," दाकुरा म्हणाला.

वूरोनं चमकून बापाकडं पाहिलं. दाकुरा मात्र आता थांबेना. कित्येक महिन्यांत फुटला नव्हता तो शब्द आता फुटला आणि सगळंच बाहेर आलं. पणजोबा, चिमूटभर माती, ज्वारीत लपलेले आजोबा, थुंकलेला बाप. पोलिकार्पच्या तोंडात काय होतं. आपण भुईशी खोटं बोललो, आणि कोर्टाशीही. हा पोरगा आमच्या घरचा, सांझिरी माझा भाऊ. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. साहेब अदबीनं, काही न कळता, ऐकत राहिला.

"काय म्हणतात ते?" शेवटी त्यानं वूरोला विचारलं.

वूरोनं खरं सांगितलं तर निकाल जाणार, आणि निकालाबरोबर थडगी जपून हलवायचा हक्कही जाणार. त्याची आजी, त्याचे दोन भाऊ. तो बापाकडं बघत राहिला, मग त्यानं नजर काढून घेतली.

"म्हणतात, परक्याची आहे."

साहेबानं चालकाला हात केला आणि म्हणाला, "गो." एवढं इंग्रजी दाकुराला येत होतं.